बंद पडलेल्या इस्पितळात कॅमेरा घेऊन जाण्याआधी

पाऊस ओसरला की दरवर्षी तोच प्रश्न येतो, फक्त गावाचं नाव बदलतं. "आमच्या गावाबाहेर एक जुनं रुग्णालय आहे. कित्येक वर्षं बंद आहे, आत झाडं उगवली आहेत, फाटकही मोडलंय. कुणी अडवत नाही. आत जाऊन फोटो काढले तर चालतील का?" विचारणाऱ्यांत छायाचित्रणाचे आणि वास्तुकलेचे विद्यार्थी असतात, रील करणारी मुलं असतात, लग्नाआधीच्या फोटोंसाठी वेगळी जागा शोधणारी जोडपी असतात. एखाद्याचा जन्मच त्या इस्पितळात झालेला असतो.

जागा पडीक आहे म्हणजे ती कुणाचीच नाही, असं बहुतेकांनी गृहीत धरलेलं असतं. पहिली चूक तिथेच होते. मी बरीच वर्षं अशा वास्तूंचे फोटो काढते आहे. दोनच ठिकाणी विनापरवानगी गेले, आणि माझे सगळ्यात पोकळ फोटो त्या दोन ठिकाणचेच आहेत. घाईत काढलेले, दाराकडे कान ठेवून काढलेले. रीतसर परवानगी असली की कुलूपबंद शस्त्रक्रियागृह उघडतं, तिवई उभी करायला वेळ मिळतो आणि 'ही खोली कसली होती' हे सांगणारं माणूस सोबत येतं. म्हणून कॅमेऱ्याच्या आधी कागदांबद्दल लिहिते.

मालक कोण, हे आधी शोधा

ग्रामीण भागात गट क्रमांक मिळवून सातबारा उतारा काढा. शहरात नगर भूमापन क्रमांकावरून मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळतं. दोन्ही आता 'महाभूलेख'वर पाहता येतात. पण उताऱ्यावर नुसतं 'महाराष्ट्र शासन' दिसलं, तर पुढचा प्रश्न असतो ताबा कुणाकडे आहे. ढोबळमानाने असं चालतं:

- प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र असेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी.
- ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक. इमारतीच्या अवस्थेबद्दल सार्वजनिक बांधकाम विभागालाही विचारा.
- पालिकेचा दवाखाना असेल तर मुख्याधिकारी किंवा आयुक्तांचं कार्यालय.
- मिशनचं किंवा दानशूरांनी बांधलेलं इस्पितळ असेल तर विश्वस्त. त्यांची नावं धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत सापडतात.
- रेल्वे, राज्य कामगार विमा योजना किंवा गिरणी-कारखान्याचं असेल तर त्या त्या संस्थेचं प्रशासन.
- छावणीच्या हद्दीतलं किंवा लष्कराचं असेल तर तो विचार सोडून द्या. अशा ठिकाणी बाहेरून फोटो काढणंही अंगाशी येऊ शकतं.

एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'अमुक सर्व्हे क्रमांकावरील इमारत सध्या कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे आणि ती वापरास धोकादायक घोषित केली आहे का', एवढे दोनच प्रश्न विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'होय' आलं, तर इमारत बाहेरूनच टिपायची. त्यातही पुष्कळ काम होतं.

वारसांचा किंवा विश्वस्तांचा वाद न्यायालयात असेल, तर एका बाजूची परवानगी पुरत नाही. दुसरी बाजू तुमच्यावर तक्रार करू शकते.

पहारेकऱ्याच्या हातावर शंभराची नोट ठेवणं ही परवानगी नव्हे, हे निक्षून सांगते. परवानगी द्यायचा अधिकार त्या माणसाकडे नसतो. तुम्हाला काही झालं तर नोकरी त्याची जाते.

अर्ज एका पानाचा असावा

मोठमोठे शब्द नकोत. तुम्ही कोण, कोणत्या तारखेला किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, किती जण, सोबत काय साहित्य आणि फोटो कशासाठी, हे स्पष्ट लिहा. व्यावसायिक वापर असेल तर तो लपवू नका. त्यासाठी वेगळं शुल्क लागू शकतं, पण खोटं सांगून मिळवलेली परवानगी अडचणीच्या वेळी कामाला येत नाही. त्याखाली तीन वाक्यांची हमी द्या: स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत, कोणतीही वस्तू हलवणार अथवा नेणार नाही, रुग्णांच्या नोंदींचे फोटो घेणार नाही. शेवटी एक देणं कबूल करा, निवडक फोटोंचा संच कार्यालयाला देण्याचं. कार्यालयांना हे खरोखर हवं असतं. बऱ्याच जुन्या इमारतींची दुरुस्तीच्या प्रस्तावाला जोडण्याजोगी धड छायाचित्रंच उपलब्ध नसतात.

परवानगी मिळाली की तिची एक प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. दुसरी छापील प्रत खिशात ठेवा. अशा आवारात फोनला रेंज असेलच असं नाही.

कायद्यात नेमकं काय आहे

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम ३२९ फौजदारी अतिक्रमणाबद्दल आहे. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करण्याच्या किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या, त्रास देण्याच्या हेतूने शिरणं अथवा थांबून राहणं, अशी त्याची व्याख्या आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालमत्ता जपून ठेवण्यासाठी वापरात असलेल्या इमारतीत असं शिरल्यास ते गृह-अतिक्रमण ठरतं आणि कैद एका वर्षापर्यंत जाऊ शकते. बंद रुग्णालयात खाटा, यंत्रं, नोंदी कुलपात ठेवलेल्या असतील, तर हा मुद्दा तुमच्याविरुद्ध मांडला जाऊ शकतो.

'माझा हेतू फक्त फोटोंचा होता' हा बचाव खरा असू शकतो. पण तो मांडायला आधी ठाण्यात बसावं लागतं. आणि 'बाहेर जा' म्हटल्यावरही थांबलात, तर तो बचाव कमकुवत होतो. कुलूप तोडून किंवा लपूनछपून शिरल्यास गुन्हा अधिक गंभीर होतो, सूर्यास्तानंतर आणखी. आतली एखादी इनॅमलची ताटली 'आठवण' म्हणून उचलली, तर ती चोरी आहे. ती गंजलेली होती यानं फरक पडत नाही.

ड्रोन वापरायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम पाहा. 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते, हे उडवण्याआधी तपासायचं असतं.

आतले धोके

भुतांच्या गोष्टी ऐकून लोक घाबरतात, आणि ज्याला खरोखर घाबरायला हवं त्यावरून बेधडक चालत जातात. एका आवारात वाळक्या पानांखाली पत्रा होता. पत्र्याखाली मैल्याचं चेंबर होतं, वरचं लोखंडी झाकण कुणीतरी भंगारात विकलेलं. माझा एक पाय मांडीपर्यंत आत गेला. सोबत माणूस होता म्हणून बाहेर आले. तेव्हापासून काठीने चाचपल्याशिवाय मी गवतात पाऊल टाकत नाही. सेप्टिक टाक्या, पाण्याचे हौद, कठडा नसलेली विहीर, लिफ्टचा उघडा खड्डा, हे सगळं इस्पितळाच्या आवारात असतंच. झाडोरा ते झाकून टाकतो.

*इमारत.* आधी वर बघा. स्लॅबमधले गज गंजले की फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे पाडतात. गज उघडे दिसत असतील, तर त्या खोलीत जाऊ नका आणि तिच्या गच्चीवरही चढू नका. छज्ज्याखाली उभं राहून फोटो घेऊ नका. मंगलोरी कौलांच्या जुन्या वॉर्डांत वासे आणि आढं कुजलेलं असतं, आणि एक कौल निसटलं की मागोमाग दहा येतात. जिन्यावर भिंतीच्या कडेने चढा. लाकडी तक्तपोशी असेल तर वर जाऊच नका. भिंतीत पिंपळाची मुळं शिरलेली असतात, ती फोटोत फार देखणी दिसतात. पण तीच मुळं दगड सुटे करतात, आणि आता भिंत त्या मुळांच्या आधारावर उभी आहे की त्यांच्यामुळे पडायला आली आहे, हे बाहेरून कळत नाही. ओढून, टेकून, चढून पाहू नका.

*दवाखान्याचं मागे राहिलेलं सामान.* जमिनीवर सुया, फुटलेल्या कुप्या आणि ब्लेड असू शकतात, म्हणून गुडघे टेकून फोटो घ्यायची सवय इथे मोडा. जुन्या रक्तदाबमापकांत आणि थर्मामीटरमध्ये पारा असतो. छपराचे करडे सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. फुटलेल्या पत्र्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका.

क्ष-किरण खोलीबद्दल बरेच जण विचारतात. वीज नसलेलं साधं एक्स-रे यंत्र किरण सोडत नाही. मात्र कर्करोगाच्या उपचारांसाठी वापरलेलं यंत्र वेगळं असतं, त्यात किरणोत्सारी पदार्थ असू शकतो आणि त्या पदार्थाला विजेची गरज नसते. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात सोडून दिलेल्या दवाखान्यातून दोघांनी असं यंत्र उचलून नेलं आणि फोडलं. आतल्या सीझियम-१३७ मुळे चौघांचा जीव गेला, २४९ जणांना किरणोत्सारी बाधा झाली आणि लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कोबाल्ट-६० ने एकाचा बळी घेतला. पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं, किंवा आकाराच्या मानाने कमालीचा जड धातूचा डबा दिसला, तर हात लावू नका. मागे फिरा आणि ११२ वर कळवा.

*जीवजंतू.* नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांनाही दगडविटांचे ढीग आणि उंदीर आवडतात. सर्पदंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. तो अवयव न हलवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात पोहोचा. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही. कोकणात लाल विंचवापासून विशेष जपा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुळवल्यापासून त्या दंशाचे मृत्यू खूप घटले आहेत, पण उपचार वेळेत मिळाला तरच. उंच छज्ज्याला आग्या मोहोळ आहे का, ते आवारात शिरतानाच पाहा. असेल तर सुगंधी तेल, अत्तर, फ्लॅश, ड्रोन, सगळं बंद. खाजकुयलीच्या शेंगा ओळखायला शिका. त्यांची कुसं एकदा लागली की दिवसाचं काम संपलं. वटवाघळांच्या खोलीत जाऊ नका. त्यांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक असते, आणि दिवसा त्यांची झोपमोड करण्याइतका कोणताही फोटो महत्त्वाचा नाही.

कधी जावं, काय न्यावं

ऑक्टोबरअखेर हिरवाई असते, पण भिंती अजून ओल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत घाणेरी आणि रानमोडी थोडी विरळ होते, ऊन तिरपं येतं आणि जमीन दिसते. मी तेव्हाच जाते. भर पावसाळ्यात कुणीही जाऊ नये. सकाळी आठला आत, दुपारी चारला बाहेर. निदान तिघे असा. एकाला लागलं तर एक थांबतो, एक मदत आणायला जातो.

- जाड तळाचे, घोट्याच्या वर येणारे बूट, लांब बाह्या, कातडी हातमोजे
- शिरस्त्राण, एन-९५ मुखपट्ट्या
- डोक्याला बांधायचा दिवा, दुसरी बॅटरी, शिट्टी, काठी
- पाणी, प्रथमोपचाराची पेटी (धनुर्वाताची लस आधीच घेतलेली हवी)
- घरी एका माणसाजवळ ठेवलेली वेळ: 'पाचपर्यंत फोन आला नाही तर चौकशी कर'

फोटो काढताना

पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवा. सगळीकडे फिरून या, धोक्याच्या जागा ठरवा, ऊन कोणत्या खिडकीतून कुठे सरकतंय ते पाहा.

इस्पितळाच्या वॉर्डाला ओळीने खिडक्या असतात. बाहेर लख्ख उजेड आणि आत काळोख. एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. तिवईवर कॅमेरा लावून, आयएसओ १०० च्या आसपास ठेवून, कमी-जास्त प्रकाशाच्या तीन ते पाच प्रती घ्या आणि घरी जोडा. रॉ स्वरूपातच घ्या. पानांतून गाळून आलेल्या उजेडाने पांढऱ्या भिंती हिरव्या दिसतात. तो हिरवा रंग पूर्ण काढून टाकू नका, जागेचा स्वभाव त्यातच आहे. रंग मात्र भडक करू नका. पोपडे उडालेल्या निळ्या भिंतीला जांभळं करून भयपट बनवलेले फोटो पाहिले की मला वाईट वाटतं. त्या भिंतीपाशी कुणीतरी रात्र रात्र बसून काढलेली असते.

रुंद भिंगाचा मोह सगळ्यांना होतो. मी म्हणेन, निम्मा वेळ ५० मिलिमीटरला द्या. दारावरचा वॉर्ड क्रमांक, पितळी स्विच, सलाइन लटकवायचा आकडा, स्वयंपाकघराच्या ओट्यावरची काजळी, फरशीवर खाटांच्या पायांनी पडलेल्या खुणा. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या समोरून, अक्षरं वाचता येतील अशा घ्या. पाटी उद्या फुटली तर कुणाच्या स्मरणार्थ कोणी किती रुपये दिले, याचा पुरावा तुमचा फोटोच असेल. वस्तू हलवून 'देखावा' मांडू नका. चाकाची खुर्ची खिडकीशी नेऊन ठेवलेले फोटो हजारो आहेत. खुर्ची जिथे होती तिथे ती का थांबली, हे त्यांतल्या एकातूनही कळत नाही.

एक वही ठेवा: खोली, दिशा, तारीख, वेळ. आणि शक्य असेल तर तिथे काम केलेली एखादी सिस्टर, आया, वॉर्डबॉय किंवा कंपाउंडर शोधून भेटा. एका निवृत्त सिस्टरबाईंनी मला अंगणातला उंबर दाखवला आणि म्हणाल्या, "बाळंतिणीचे नवरे इथं बसायचे. आत यायची परवानगी नव्हती ना." त्याआधी मी त्या झाडाचे तीस फोटो काढले होते, आणि नुसत्या मुळ्यांचे.

रुग्णांचे कागद

केसपेपर, एक्स-रेची पाकिटं, प्रसूतीच्या नोंदवह्या विखुरलेल्या दिसतात. त्यांचे फोटो घेऊ नका, नाव झाकूनही नको. मानसिक आजारांच्या बाबतीत तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे. १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातलं विलर्ड मनोरुग्णालय बंद होताना माळ्यावर रुग्णांच्या चारशेहून जास्त सुटकेस सापडल्या. जॉन क्रिस्पिन यांनी त्यांचे फोटो रीतसर परवानगीने काढले, आणि रुग्णांची आडनावं झाकली. माणसं तरीही त्या फोटोंत दिसतात, त्यांनी घडी करून ठेवलेल्या कपड्यांतून.

नोंदी उघड्यावर पडल्या असतील तर ताबेदार कार्यालयाला लेखी कळवा: जागा, तारीख, अंदाजे किती गठ्ठे. प्रत आणि पोच ठेवा.

अडवलं तर

- ताबेदाराने किंवा पहारेकऱ्याने बाहेर जायला सांगितलं तर वाद न घालता निघा. परवानगीपत्र फाटकाबाहेर दाखवा.
- खाजगी माणसाला तुमचा कॅमेरा हिसकावण्याचा किंवा फोटो पुसायला लावण्याचा अधिकार नाही.
- पोलिसांनी साहित्य ताब्यात घेतलं तर जप्तीची लेखी नोंद आणि तिची प्रत मागा. मेमरी कार्डाचा उल्लेख वेगळा करून घ्या.
- अटक झाल्यास कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही.
- फोटोंचे हक्क सर्वसाधारणपणे काढणाऱ्याचे असतात. पगारी नोकरीत असताना किंवा मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढले असतील तर करार पाहा.

जिथे तिकीट काढून जाता येतं

शिक्षण-नोकरीसाठी जर्मनीत गेलेले वाचक बेलित्स-हाइलश्टेटनबद्दल हमखास विचारतात. बर्लिनच्या नैऋत्येला, रेल्वेने तासाभराच्या आत. १८९८ पासून बर्लिनच्या कामगारांसाठी बांधलेलं हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम, सुमारे साठ इमारती. १९४५ पासून १९९४ पर्यंत ते सोव्हिएत सैन्याचं इस्पितळ होतं. नंतर बराच भाग ओस पडला आणि लोक कुंपणं ओलांडून आत शिरू लागले. जर्मन कायद्यातही हा गुन्हाच आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. २०१५ मध्ये तिथे झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून जाणारा ३२० मीटर लांबीचा पूल खुला झाला. तो 'आल्पेनहाउस' या १९४५ मध्ये जळालेल्या स्त्रियांच्या वॉर्डावरून जातो. त्या भग्न इमारतीच्या छतावर अक्षरशः जंगल उगवलं आहे, आणि ते वरून पाहता येतं. काही इमारतींच्या आत मार्गदर्शकासोबत जाता येतं. त्याची नोंदणी आधी करा, आणि तिवई चालेल का ते त्याच वेळी विचारा. काही इमारतींत आता लोक राहतात, त्यांच्या खिडक्यांकडे कॅमेरा वळवू नका.

न्यूयॉर्कला जाणाऱ्यांसाठी एलिस बेटाची दक्षिण बाजू. स्थलांतरितांचं ते इस्पितळ १९५४ नंतर बंदच होतं. 'सेव्ह एलिस आयलंड' ही संस्था शिरस्त्राण घालून दुरुस्त न केलेल्या वॉर्डांतून फिरवते. वेळापत्रक बदलत असतं, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी खात्री करा. स्टीफन विल्क्स या छायाचित्रकाराने १९९८ पासून पाच वर्षं तिथे काम केलं. त्याच्या फोटोंच्या बळावर त्या इमारती सावरण्यासाठी ६० लाख डॉलर मंजूर व्हायला मदत झाली.

परत आल्यावर

कपडे बाहेरच झटका आणि वेगळे धुवा. ताप, खोकला, न भरणारी जखम, काहीही असेल तर डॉक्टरांना 'बंद इमारतीत गेले होते' हे आवर्जून सांगा. सुई टोचली असेल तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीप्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं.

फोटो प्रसिद्ध करण्याआधी त्यांतली जीपीएसची नोंद काढा. पहारा नसलेल्या इमारतीचा पत्ता जाहीर केला की भंगारवाले आधी पोहोचतात, आणि पुढच्या खेपेला दारांच्या चौकटीही नसतात. तालुक्याचं नाव पुरे.

अर्जात कबूल केलेला संच पंधरा दिवसांत द्या, वहीतल्या नोंदींसह. प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने खोलीचं नाव आणि तारीख लिहा, शाई पुढे पसरते. दुसरा संच माहिती सांगणाऱ्या सिस्टरबाईंना छापून द्या, मोठ्या आकारात, आणि त्यांच्यासोबत बसून एकदा सगळे फोटो पाहा. मी 'स्टोअर रूम' लिहिलेल्या एका फोटोवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही स्टोअर रूम नाही हो. अपुऱ्या दिवसांची बाळं इथं ठेवायचो, दोन बल्ब लावून." कार्यालयाला दिलेल्या संचातली ती ओळ मी दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त केली.